मदत हवी आहे: दोन वर्षं स्वयंसेवक म्हणून परदेशात जातेय, घरचं कसं मार्गी लावून निघू?

नमस्कार मंडळी, मी नर्स आहे, दीड महिन्याने एका दुर्गम आरोग्य केंद्रात दोन वर्षांसाठी जातेय. पगार नाही, राहण्याजेवणापुरता भत्ता आणि विमा आहे. जाऊ की नको हे विचारत नाहीये, ते ठरलंय.

कागदपत्रं बऱ्यापैकी झालीत. पासपोर्ट परतीनंतरही सहा महिने चालेल असा आधीच रिन्यू केला. व्हिसा स्वयंसेवकाचाच घेतेय, टूरिस्टवर जा मग तिथे बघू असं एकाने सुचवलं होतं पण ते मला अजिबात पटलं नाही. यलो फिव्हरची लस पुढच्या आठवड्यात, ती निदान 10 दिवस आधी घ्यावी लागते, नाहीतर सर्टिफिकेट धरत नाहीत. मलेरियासाठी डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन सांगितलंय, रोज एक, तिथून निघाल्यावरही चार आठवडे. इतके महिने कोणी घेतलंय का?

पण खरी काळजी घरची आहे. घरी फक्त आईबाबा, आणि बिलं, बँक, औषधांची ऑर्डर सगळं माझ्या फोनवर, ओटीपीसुद्धा माझ्याच नंबरवर येतो. परवा बाबांना शिकवायला बसले तर त्यांनी वहीत एकेक पायरी लिहून घेतली, "हिरवं बटण दाबणे, थांबणे", तीनदा करून दाखवलं, चौथ्यांदा त्यांनी स्वतः केलं आणि मग हळूच म्हणाले, तू आलीस की परत तूच बघशील ना? आई तर या विषयावर बोलतच नाही. रोज रात्री माझी बॅग वजनकाट्यावर ठेवते, आकडा बघते, परत कोपऱ्यात नेऊन ठेवते. तिच्याशी कसं बोलू, कोणी सांगाल का?

प्रतिसाद १:
ताई, मी 14 महिने डॉक्सी घेतली. भरल्या पोटी, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर घशाशी भयंकर जळजळतं. उन्हाने कातडी पटकन भाजते, लांब बाह्यांचे कपडे न्या. आणि गोळी घेतली तरी मच्छरदाणी सोडायची नाही. बँकेतला नंबर आत्ताच बाबांचा करून घ्या आणि निघेपर्यंत सगळे व्यवहार त्यांनाच करू द्या, तुम्ही नुसतं शेजारी बसा, चुकलं तर तुम्ही आहात तोवर चुकू दे. आणि एक, रोज फोन करीन असं कबूल करू नका. मी केलं होतं, तिथे चार दिवस नेटवर्क गेलं आणि घरच्यांनी अन्नपाणी सोडलं. आठवड्याचा एक वार ठरवा, आणि फोन आला नाही तर किती दिवस थांबायचं, मग संस्थेत कोणाला विचारायचं ते कागदावर लिहून द्या.

धागाकर्ती:
मनापासून आभार दादा, मी रोज फोनचंच कबूल करणार होते. काल जेवताना रविवार ठरवला. आई इतके दिवस गप्प होती, तिने पहिल्यांदा विचारलं, रविवारी किती वाजता? मग तिथल्या आणि इथल्या वेळेतला फरक बाबांच्या वहीत लिहायला लावला. उद्या बँकेत जातोय. बाबांच्या औषधांसाठी शेजाऱ्यांकडे काय काय लिहून ठेवावं, कोणी यादी केली असेल तर प्लीज इथे टाका.