मदत हवी आहे: डिटमार्शेनच्या शेतकरी प्रजासत्ताकाबद्दल

नमस्कार मंडळी,

उत्तर जर्मनीत, एल्ब नदीच्या मुखाच्या उत्तरेला डिटमार्शेन नावाचा चिमुकला किनारी प्रदेश आहे. मध्ययुगात नावाला तो ब्रेमेनच्या आर्चबिशपचा होता, पण प्रत्यक्षात कारभार शेतकऱ्यांच्याच हातात. 1447 मध्ये त्यांनी स्वतःचे कायदे लिहून काढले आणि 48 जणांचं मंडळ नेमलं.

17 फेब्रुवारी 1500 ला डेन्मार्कचा राजा हान्स भाडोत्री ‘काळी पलटण’ घेऊन चालून आला. हेमिंगश्टेटजवळ डिटमार्शेनच्या शेतकऱ्यांनी बंधाऱ्याची दारं उघडून शेतं पाण्याखाली घातली. अरुंद, चिखलाच्या रस्त्यावर घोडे, चिलखतं सगळं अडकलं. आणि हे पठ्ठे लांब काठ्या टेकत चरांवरून उड्या मारत तुटून पडले! (गनिमी कावा आठवला ना?) पुढे 1559 मध्ये मात्र त्यांचं स्वातंत्र्य गेलंच.

लढाईवर वाचायला भरपूर मिळतं, मला हवाय रोजचा कारभार. हे 48 जण कसे निवडले जायचे? भावकीचं वजन किती चालायचं? बांधबंदिस्तीचा खर्च कोण उचलायचा? कुणी जर्मनीत राहत असेल किंवा यावर वाचलं असेल तर कृपया सांगा. इंग्रजी पुस्तकही चालेल, जर्मन मात्र अजून ‘गुटेन टाग’च्या पुढे सरकलेलं नाही.