दहा महिने बोटीवर पाऊल ठेवता आलेले नाही. दूर राहून तिची काळजी कशी घ्यावी?

दर्यावाट:

नमस्कार मंडळी. माझी ११ मीटर लांबीची फायबरची शिडाची बोट सीमेपलीकडच्या एका मरिनात, म्हणजे खासगी बोटी ठेवण्याच्या बंदरात, तरंगत्या धक्क्याला बांधलेली आहे. मार्च २०२० च्या पहिल्या आठवड्यात, पंधरा दिवसांत परत येतो अशा हिशेबाने मी तिला कुलूप लावले. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची साथ ही महामारी असल्याचे जाहीर केले आणि मग एकेक करून सीमा बंद होत गेल्या. मध्यंतरी काही आठवडे वाट मोकळी झाली होती, मी तिकीटही काढले होते, परंतु निघायच्या दोन दिवस आधी नियम पुन्हा बदलले. आता दहा महिने होत आले.

पंधरा दिवसांच्या तयारीनेच निघालो असल्यामुळे शिडे वरच गुंडाळलेली आहेत, डिझेलची टाकी अर्धी आहे, बॅटरीचा चार्जर धक्क्यावरच्या विजेला जोडलेला आहे आणि बोटीच्या तळाशी साचलेले पाणी बाहेर फेकणारा बिल्ज पंप आपोआप चालेल अशा स्थितीत ठेवला आहे. मरिनाच्या कार्यालयाकडून प्रत्येक पत्राला ‘सर्व ठीक आहे’ एवढेच उत्तर येते. गेल्या आठवड्यात शेजारच्या बोटीच्या मालकांनी, जे त्याच गावात राहतात, एक छायाचित्र पाठवले. त्यात पाण्याच्या रेषेलगत हिरव्या शेवाळाची झालर दिसते, आणि नाळेकडचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा, दोर खाचेत जिथे टेकतो तिथे तो कापसासारखा पिंजलेला दिसतो. ते पाहिल्यापासून जिवाला स्वस्थता नाही.

दूर बसून सर्वांत आधी कशाकडे लक्ष द्यावे? शेजाऱ्यांना किती काम सांगणे योग्य ठरेल? विमा कंपनीने पॉलिसीतील नियमित तपासणीच्या अटीची आठवण करून दिली आहे, तिला काय कळवावे? आणि बोटीच्या सुरक्षिततेचे कारण देऊन प्रवासाची खास परवानगी मागावी का?

जुना तांडेल:

शेवाळाची काळजी तूर्त सोडा, दोराची करा. शेवाळ आणि त्यामागून येणारे शंख-शिंपले बोट बाहेर काढल्यावर खरवडता येतात. पिंजलेला दोर मात्र एखाद्या वादळी रात्री तुटतो आणि मग आपलीच बोट शेजारच्या बोटींवर आपटत राहते. नायलॉनचा दोर ताण घेऊन झटका सोसतो म्हणून बांधायला तो चांगला, पण त्याच ताणण्या-आखडण्यामुळे तो एकाच जागी घासत राहतो. शेजाऱ्यांना आजच विनंती करा की जुन्या दोराला हात लावण्यापूर्वी त्यांनी नवा दोर वेगळ्या खुंटीवर बांधावा आणि मगच जुना सोडावा. जिथे घर्षण होते तिथे अग्निशमनाच्या जुन्या होजपाइपचा हातभर तुकडा दोरावर चढवला की पुष्कळ काम होते. पुढे महिन्यातून एकदा दोर वीतभर सरकवला तर झिजण्याची जागा बदलत राहील.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्याला भीती समुद्राच्या पाण्याची वाटते, पण उभ्या बोटीला पावसाचे पाणीही तितकेच बुडवू शकते. माझी स्वतःची बोट गेल्या वर्षी साडेपाच महिने अशीच बंद होती. कॉकपिटमधील, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीतील, पाणी वाहून जाण्यासाठी दोन भोके असतात. त्यांतील एकावर ओली पाने चिकटून बसली आणि दुसरे पक्ष्याने आणलेल्या काड्यांनी भरले. पाणी साचत गेले आणि उंबरठा ओलांडून केबिनमध्ये उतरले. ओळखीच्या गृहस्थांनी कुलूप उघडून मला फोनवर आतले दृश्य दाखवले, तेव्हा जमिनीच्या फळ्या तरंगत होत्या आणि पाणी इंजिनाच्या स्टार्टरपासून जेमतेम चार बोटे खाली होते. पंप बिघडलेला नव्हता. धक्क्यावरची वीज मधेच कधीतरी गेली होती, ती गेल्याचे कोणाच्या लक्षात आले नव्हते, आणि पंपाने बॅटरी पार रिकामी केली होती.

म्हणून ‘चार्जर जोडलेला आहे’ यावर विसंबू नका, व्होल्टेजचा आकडा विचारा. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चार्जर खरोखर चालू असेल तर आकडा १३ च्या वर दिसतो; १२ किंवा त्याहून कमी दिसला तर वीज पोहोचत नाही असे समजावे. शिसे-आम्लाची बॅटरी नुसती पडून राहिली तरी महिन्याला साधारण ३ ते ५ टक्के उतरते, उष्ण हवेत अधिकच, आणि उतरलेल्या अवस्थेत फार काळ राहिली तर ती पुन्हा पूर्ण भरत नाही. शक्य असल्यास लहानसा सौर पॅनेल नियंत्रकासह बसवून घ्या, म्हणजे धक्क्यावरची वीज गेली तरी पंप चालू राहील.

शेजाऱ्यांना केबिनची किल्ली मिळत असेल तर शौचालयाचे आणि इंजिनाचे सीकॉक, म्हणजे बोटीच्या बुडातील भोकांवरच्या तोट्या, बंद करून घ्यावेत. कॉकपिटचे पाणी सीकॉकमधून बाहेर जात असेल तर तो मात्र उघडाच राहिला पाहिजे. घाईत नेमका तोच बंद केला जातो. इंजिनाच्या किल्लीला ‘सीकॉक बंद आहे’ अशी चिठ्ठी बांधायला विसरू नका, नाहीतर परतल्यावर पहिल्याच दिवशी इंजिन त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याविना चालेल. पुढचे गुंडाळलेले शीड दोघांनी मिळून उतरवून ठेवता आले तर उत्तम, कारण वाऱ्याने ते अर्धवट सुटले की चिंध्या होईपर्यंत फडफडते. शिडाचे काम जमत नसेल तर निदान त्याच्याभोवती दोरीचे चार-पाच घट्ट वेढे द्यावेत.

डिझेलचे काम तुम्ही गेल्यावर करा. अर्ध्या टाकीत बाष्प साचून तळाशी पाणी जमते आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर जंतू वाढून काळा चिकट गाळ तयार होतो, म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी टाकीच्या तळातून नमुना काढून पाहावा. इंजिनाच्या पाण्याच्या पंपातील रबरी इंपेलरची (पाणी ढकलणाऱ्या चाकाची) पाती एकाच स्थितीत वाकून राहिलेली असतात. तो नवा घालावा.

खारा वारा:

विम्याबद्दल लिहितो. कंपनीला फोन करू नका, लेखी कळवा, आणि अट मोडल्यानंतर नव्हे तर मुदत संपण्याआधी कळवा. प्रवासबंदीच्या शासकीय आदेशाची प्रत, आपल्या वतीने तपासणी करणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि तारीख दिसेल अशी छायाचित्रे सोबत जोडा, आणि मालकाऐवजी या व्यक्तीने केलेली तपासणी कंपनीला मान्य आहे असे उत्तर लेखी मागून घ्या. हे उत्तर न येताच महिना गेला तर पुन्हा लिहा. दावा करण्याची वेळ आली तर मालकाने वाजवी काळजी घेतली होती का, हाच प्रश्न विचारला जाणार आहे.

बोट वादळांच्या पट्ट्यात असेल तर पॉलिसीतील हंगामाचे कलम आवर्जून वाचा. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर मानला जातो, आणि २०२० मध्ये तिथे ३० वादळांना नावे देण्याची विक्रमी वेळ आली. दक्षिण पॅसिफिकमध्ये हाच काळ नोव्हेंबर ते एप्रिल असतो. त्या काळात बोट पट्ट्याबाहेर न्यावी किंवा जमिनीवर काढून बांधावी अशी अट अनेक पॉलिसींत असते, आणि मालकाला पोहोचता येत नाही म्हणून ती अट आपोआप शिथिल होत नाही. जमिनीवर काढण्याचे काम मरिनाचे लोक मालकाच्या लेखी संमतीने करू शकतात, फक्त क्रेनची वेळ लवकर मागावी लागते.

बोट परदेशात असल्यामुळे सीमाशुल्काची मुदतही तपासा. उदाहरणार्थ, युरोपीय संघात बाहेरच्या रहिवाशाची बोट तात्पुरत्या प्रवेशावर साधारणपणे १८ महिने ठेवता येते. मुदतवाढीचा अर्ज मुदतीच्या आतच गेला पाहिजे.

दीपस्तंभ:

खास परवानगीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: बोट खरोखर बुडण्याच्या स्थितीत असेल आणि तिथे कोणीही नसेल तरच मागावी, आणि कारण जसे आहे तसे सांगावे. दोर बदलण्यासाठी तुम्ही जाण्याची गरज नाही, तिथे राहणारा माणूस ते अर्ध्या तासात करील. बंदराची गावे लहान असतात, त्यांचे दवाखाने त्याहून लहान असतात, आणि बाहेरून आलेल्या एका माणसामुळे तिथे काय होऊ शकते याचा विचार आपण बोटवाल्यांनी इतरांपेक्षा अधिक करायला हवा, कारण त्याच गावांच्या भरवशावर आपण आपल्या बोटी सोडून जातो.

मी स्वतः त्या काळात बोटीवर होतो. १९ मार्च २०२० रोजी न्यूझीलंडने परदेशी प्रवाशांसाठी सीमा बंद केली, दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलियाने, आणि पॅसिफिक ओलांडायला निघालेल्या आमच्यासारख्यांच्या पुढची बंदरे आम्ही वाटेत असतानाच मिटत गेली. शेवटी एका बंदराने नांगर टाकू दिला. आम्ही पिवळा ‘क्यू’ ध्वज चढवला, म्हणजे बोटीवर सर्व निरोगी आहेत आणि प्रवेशाची परवानगी हवी आहे असे कळवले, आणि किनारा समोर दिसत असताना तीन आठवडे बोटीवरून उतरलो नाही. किनाऱ्यावरचे लोक भाजी आणि पिण्याचे पाणी एका तराफ्यावर ठेवून मागे सरत, मग आम्ही वल्हवत जाऊन ते घेत असू. पुढे फिजीने बोटींसाठी वेगळा मार्ग खुला केला आणि समुद्रात काढलेले दिवस १४ दिवसांच्या विलगीकरणात धरले, तेव्हा कुठे पुढचा प्रवास आखता आला. नियम पाळणाऱ्यांवर विश्वास बसला म्हणून तो मार्ग निघाला, असे मला आजही वाटते.

दर्यावाट:

सर्वांचे मनापासून आभार. परवानगीचा अर्ज मी पाठवलेला नाही. शेजाऱ्यांनी काल दोन नवे दोर बांधले आणि जुना सोडून मला दाखवला. तीन पेडांपैकी एकच शाबूत होता. कॉकपिटचे एक भोक खरोखरच पानांनी बंद झाले होते आणि आत घोट्यापर्यंत पाणी होते, पण ते केबिनमध्ये पोहोचलेले नाही. व्होल्टेज १३.४ दिसतो. विमा कंपनीला छायाचित्रांसह पत्र गेले आहे. शेजारी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बोटीवर जायला तयार आहेत. पुढच्या फेरीत सीकॉक बंद करायचे आहेत, तेव्हा कॉकपिटचा कोणता हे ओळखण्यासाठी मी बोटीचा नकाशा काढून, त्यावर लाल खूण करून त्यांना पाठवत आहे.