पुण्यातून चंद्र, ग्रह, जोडतारे: १००-१२० मिमीचा अपो रिफ्रॅक्टर कुठला घ्यावा?

आर्द्रा
मंडळी, अपो रिफ्रॅक्टर (रंगदोष जवळजवळ नसलेली भिंगाची दुर्बीण) घ्यायचाय, सल्ला हवाय. कोथरूड, तिसरा मजला, लिफ्ट नाही, वर गच्ची. बघायचं ते चंद्र, ग्रह आणि जोडतारे. फोटो काढायचे नाहीत, पुढेही नाहीत. बजेट अडीच लाख, माउंट (नळी धरून फिरवणारी बैठक) आणि डायगोनल (प्रकाश काटकोनात वळवणारा जोड) धरून. यादीत स्कायवॉचरच्या तीन नळ्या आहेत: इव्होस्टार १००ईडी (एफ/९), इव्होस्टार १२०ईडी (एफ/७.५), एस्प्रिट १०० (एफ/५.५). एफ म्हणजे नाभीय अंतर भागिले भिंगाचा व्यास. आरशाची दुर्बीण सुचवू नये ही विनंती.

डॉबदादा
आर्द्राताई, विनंती वाचली. तरी सांगतो, दहा इंची डॉब (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) घ्या. २५० मिमीचा आरसा १२० मिमीच्या भिंगाच्या चौपटीहून जास्त प्रकाश गोळा करतो. भेदनक्षमता (किती जवळचे दोन तारे वेगळे दिसतात ती; विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) ०.९७ विकलांऐवजी ०.४६. वर पैसे उरतील ते वेगळेच.

काचवेडा
बजेट थोडं वाढवा आणि टाकाहाशी एफसी-१०० घ्या. ७४० मिमी, एफ/७.४, फ्लोराइट स्फटिकाचं दोन भिंगी वस्तुभिंग (पुढचं मुख्य भिंग). माझ्याकडे तीच आहे. व्याध ताऱ्याच्या कडेला जांभळ्याचा, म्हणजे रंगदोषाचा, मागमूस नाही. एकदा घेतली की विषय संपला.

व्याध
'थोडं' म्हणजे किती ते तरी लिहा. अडीच लाखांत ती नुसती नळी हातात पडेल की नाही याचीच शंका, मग माउंट काय पाटावर ठेवायचं?

डॉबदादा, ०.४६ विकला कागदावर ठीक. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असतो, त्या हवेतून मोठा आरसा जास्त खळखळाट दाखवतो.

ताई, माउंटला आधी पैसे बाजूला काढा, उरलेल्यात नळी. १२०ईडी रिकामी पाच किलोच्या आसपास. रिंगा, डोव्हटेल (माउंटला जोडणारी पट्टी), दोन इंची डायगोनल, आयपीस (डोळ्याकडचं भिंग), फाइंडर (छोटी शोधदुर्बीण) धरले की सात-साडेसात. वजनापेक्षा लांबी नडते. नळी लांब असली की टोकाला लागलेला छोटा धक्काही माउंटला मोठा होऊन पोचतो. ईक्यू५ या हलक्या माउंटवर १८० पटीला फोकसरला हात लावला की प्रतिमा तीन-चार सेकंद नाचत राहते, नेमका फोकस सापडतच नाही. त्याहून भक्कम एचईक्यू५ घ्या.

दुसरं, हे युरोपवाले सांगत नाहीत. आपण १८.५ अंश अक्षांशावर. गुरू मिथुनेत असतो तेव्हा त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) साधारण +२२ अंश, म्हणजे तो जवळजवळ डोक्यावरून जातो. ९०० मिमीची नळी सरळ वर केली की आयपीस गुडघ्याशी येतं आणि शेपूट तिपाईच्या पायाला अडतं. माउंट आणि तिपाईच्या मध्ये पिअर एक्स्टेन्शन हवंच, आठ इंच तरी. शिवाय चढ-उतार होणारं स्टूल. इस्त्रीवाल्यांसाठी उंची बदलता येणारी खुर्ची मिळते, ती उत्तम.

मघा
माउंटला +१. कोकणातून लिहितेय म्हणून बुरशीचं सांगते, पुण्यातही जुलै-ऑगस्टात तेच.

दव पडलेल्या भिंगावर झाकण लावायचं नाही. नळी आत आणायची, तोंड किंचित खाली करून पंख्याच्या खोलीत ठेवायची, पूर्ण कोरडी झाली की मग झाकण. पुसायचं तर अजिबात नाही. कपाट घेणार असाल तर ड्राय कॅबिनेट, आर्द्रता ४० ते ५० टक्के. फार कोरडंही नको, फोकसरचं ग्रीस सुकतं. कॅबिनेटमध्ये ९०० मिमीची नळी मावत नाही हे बहुतेकांना घरी आणल्यावर कळतं, आधी मापं घ्या. नाहीतर रबरी गॅस्केटवाली लांब पेटी, आत अर्धा किलो सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास.

बुरशी आम्ल सोडते आणि लेप खाते. धागे साफ झाले तरी खालचे ओरखडे जात नाहीत, म्हणून आधीच सांभाळा.

सनीवेलचा_बंडू
भारतात कशाला घेताय? इकडे स्वस्त पडतं. कोणी येणाऱ्याबरोबर सामानात पाठवायचं.

जुना_ध्रुव
बंडूशेठ, १२० मिमीची नळी केबिनमध्ये जात नाही. खालच्या सामानात गेली की पट्ट्यावर आपटते आणि वस्तुभिंगाचा सेल (भिंगं धरणारी चौकट) हलतो. कुरियरने मागवलं तर सीमाशुल्क नुसत्या किमतीवर नाही, मालवाहतूक आणि विमा धरून लागतं आणि त्या सगळ्यावर पुन्हा जीएसटी. वॉरंटी तिकडच्या विक्रेत्याची, ती इथे चालेल असं समजू नका.

सनीवेलचा_बंडू
माझी नळी आली होती व्यवस्थित. पॅकिंग करता आलं पाहिजे.

काचवेडा
विषय काचेचा आहे. एफपीएल-५३ (कमी रंगदोषाची काच) आणि फ्लोराइट यात फरक पडतोच.

व्याध
दोन्हींचा अ‍ॅबे अंक (जितका जास्त तितके रंग कमी फाकतात) ९५ च्या आसपास. डोळ्याला फरक दिसतो तो काचेच्या नावामुळे नाही. जोडीला कुठली काच वापरली, पृष्ठभाग किती नीट घासलाय आणि नळी एफ किती आहे यामुळे दिसतो. एफपीएल-५१ (८१.६) मात्र एफ/७ ला शुक्र, व्याध ताऱ्याभोवती जांभळं दाखवते. तिथे नाव बघा, त्याहून वरच्या काचांत नाही.

एस्प्रिट यादीतून काढून टाका. ती कॅमेऱ्यासाठी बनलेली नळी. ५५० मिमीवर १८० पट हवी तर ३ मिमीचं आयपीस लागतं. तीन भिंगांचा गठ्ठा थंड व्हायला पाऊण-एक तास घेतो, दोन भिंगांचं काम त्याच्या निम्म्यात होतं. फोटो काढायचेच नाहीत तर हे ओझं कशाला?

काचवेडा
तीन भिंगांना ओझं म्हणणारे पहिल्यांदाच भेटले.

जुना_ध्रुव
वापरलेली नळी मिळत असेल तर सोडू नका, फक्त तपासून घ्या. टॉर्च तिरका धरून वस्तुभिंगात बघा: कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी, कडेला धुकं दिसलं तर आतला बाष्पाचा थर. पेठेत उभ्या उभ्या सौदा करू नका, रात्री तारा दाखवा म्हणावं.

ताऱ्याची चाचणी अशी. नळी अर्धा तास बाहेर ठेवा. साधारण २०० पट. फोकसच्या आत आणि बाहेर सारखंच थोडं सरकवा, पाच-सहा वर्तुळं दिसेपर्यंत.
वर्तुळं एका बाजूला दबलेली: सेल तिरका, म्हणजे कोलिमेशन (भिंगांची जुळणी) बिघडलंय. चेशायर (जुळणी तपासायचं साधन) लावून बघा, स्क्रू असतील तर जमतं, नसतील तर नमस्कार करून निघा.
आत आडवी अंडाकृती, बाहेर उभी: अ‍ॅस्टिग्मॅटिझम (दोन दिशांना वेगळा फोकस). पण आधी स्वतःचं डोकं फिरवा. अंडं डोक्याबरोबर फिरलं तर दोष डोळ्याचा. मग डायगोनल फिरवा. त्याबरोबर फिरलं तर डायगोनलचा. जागचं हललं नाही तरच भिंगाचा.
तारा त्रिकोणी: सेलची रिंग भिंगाला आवळतेय, थंडीत जास्त. रिंग सैल करून सुटतं, पण ते जाणकाराकडून. भिंगं बाहेर काढायचीच झाली तर आधी दोघांच्या कडेवर पेन्सिलीने एक तिरकी रेघ. ती न करता उघडलेलं वस्तुभिंग परत मूळ जागी बसत नाही.

ध्रुवतारा घ्या, जागचा हलत नाही.

व्याध
बाकी सगळं मान्य, ध्रुव नको. पुण्यात तो १८.५ अंशांवर, डोक्यावरच्या तिप्पट हवेतून बघायचा. वर्तुळं उकळतात आणि चांगल्या नळीलाही नाव ठेवलं जातं. ६० अंशांच्या वरचा मध्यम तेजाचा तारा घ्या, माउंट चालू ठेवा. नाहीतर सुईच्या भोकामागे एलईडी, २० मीटरवर, दिवस मावळल्यावर आणि गवतावरून. डांबरावरून नाही.

मघा
आणि कोणाच्या घरी बुरशी बघायला जाल तेव्हा आयपीसही बघा. बुरशी आयपीस आधी धरतात.

डॉबदादा
एवढ्या पथ्यांपेक्षा दहा इंची बरा. पावसाळ्यात चादर टाकली की झालं.

मघा
चादर ओली राहते, दादा.

आर्द्रा
सगळ्यांचे आभार. ठरवलं: इव्होस्टार १००ईडी, एफ/९, नवी, इथल्याच विक्रेत्याकडून. माउंट साधा अल्ट-अझिमथ (वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा), हाताने फिरवायचा, दोन्ही अक्षांना स्लो मोशन (हळू सरकवायचे नॉब), मोटर नाही. पिअर एक्स्टेन्शन आणि गॅस्केटची पेटी घेतेय. उरलेल्या पैशात दोन चांगली आयपीस.

कारणं: तीन जिन्यांवर एचईक्यू५, त्याची वजनं आणि बॅटरी रोज होणार नाही. माझ्या गच्चीवरून उत्तरेला पाण्याच्या टाकीआड ध्रुव जातो, म्हणजे एचईक्यू५चा अक्ष ध्रुवाकडे जुळवायलाच अर्धा तास. १२० ला प्रकाश १.४४ पट आहे खरा, पण एफ/९ ला फोकसची खोलीही १.४४ पट. हवा हलत असताना फोकस शोधणं सोपं. स्वरमंडळातल्या इप्सिलॉन या जोडताऱ्यांमधलं अंतर २.३ विकलांच्या आसपास, ज्येष्ठेचा सोबती पावणेतीनच्या. १०० मिमीची भेदनक्षमता १.१६ विकला, ती पुरते.

व्याध
१८० पटीला मोटर नसेल तर ५२ अंशी आयपीसातून ग्रह साधारण ७० सेकंदांत बाहेर जातो. चार माणसं रांगेत असतील तर प्रत्येकाला नवीन शोधून द्यावा लागेल. आणि गुरू डोक्यावर आला की अल्ट-अझिमथ तिथेच सर्वांत वाईट चालतो, थोडं सरकवायला अर्धी फेरी मारावी लागते. मग धागा कशाला काढला?

आर्द्रा
रांग नसते, मी एकटीच असते. गुरू दोन तास आधी किंवा नंतर बघेन.

व्याध
ठीक. मग डोव्हटेलचा क्लॅम्प दोन स्क्रूंचा घ्या आणि नळी लावताना तोंड वर नको, आडवी धरा. एक स्क्रू असला की लांब नळी हळूहळू फिरते.

काचवेडा
१०० च घ्यायची होती तर फ्लोराइट...

नवशिका_ठाणे
इथेच विचारतो. भाचीला वाढदिवसाला पाच हजारांत दुर्बीण हवी. ४५० पट लिहिलेली एक ऑनलाइन दिसतेय, चांगली आहे का?

डॉबदादा
नवा धागा काढा. पण ती घेऊ नका. १०×५० ची द्विनेत्री घ्या, पट लिहिलेल्या खोक्यांकडे बघूच नका.