बेलिनीच्या फ्रान्सिसमध्ये सेराफ का नाही?

संत फ्रान्सिसच्या अंगावर क्षतचिन्हे (क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या जखमांच्या खुणा) उमटवणारा सेराफ, म्हणजे पंखधारी देवदूत, व्हेनिसचा चित्रकार जोव्हानी बेलिनी याच्या चित्रात का नाही, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. न्यूयॉर्कच्या फ्रिक कलेक्शन या संग्रहालयातले हे चित्र (सुमारे १४७५-८०, पॉप्लरची फळी, साधारण १२५ × १४२ सेंमी) वरच्या कडेला कापले गेले आहे, त्यामुळे सेराफ तिथे असावा असा तर्क होतो. मला तो पटत नाही. बेलिनीच्या आधीचा इटालियन चित्रकार जोत्तो याच्या, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या याच प्रसंगाच्या चित्रात सेराफापासून जखमांपर्यंत सोनेरी रेषा आहेत. इथे ते काम उजेडच करतो. डावीकडे वरचे झाड बघा, उजळून आत झुकले आहे. संताची सावली मागे पडते. तळव्यांवरच्या खुणा बारीक आहेत, मोठ्या प्रतिमेतच दिसतील.

हा उजेड तैलरंगामुळे साधतो. जिप्सम आणि सरसाच्या पांढऱ्या अस्तरावर तपशीलवार रेखाटन, त्यावर तेलाचे पातळ, पारदर्शक थर. प्रकाश अस्तरापर्यंत जाऊन परततो. नक्कल करताना बरेचजण थर जाड देतात. मग वरची साय आधी वाळते, आतले तेल ओलेच राहते आणि पृष्ठभागाला सुरकुत्या पडतात. आधीचा थर हाताला कोरडा लागेपर्यंत थांबाच.