आधी ब्रेकचे पॅड मोजा, मग डिस्कचं बघू

ब्रेक मारताना किरकिर येते म्हणून गॅरेजवाल्याने डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी), कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सगळंच बदलायला सांगितलंय म्हणता, पण जरा थांबा. बारीक किरकिर असेल तर बहुधा पॅडची इशारा देणारी पत्री डिस्कला घासतेय. कर्कश खरखर असेल तर लोखंडावर लोखंड घासतंय. मग गाडी चालवूच नका.

चाक काढून बघा (नुसत्या जॅकवर नको, खाली स्टँड लावा). नव्या पॅडचं लायनिंग (डिस्कला घासणारा थर) साधारण १० मिमी असतं, ३ मिमीवर आलं की बदलायचं. आतला पॅड आवर्जून बघा. बाहेरचा जाड आणि आतला पार झिजलेला दिसला, तर आधी कॅलिपरच्या सरकत्या पिना तपासा. अडकल्या असतील तर साफ करून ब्रेकचं ग्रीस लावा, बऱ्याचदा कॅलिपर वाचतो. डिस्कची किमान जाडी सहसा तिच्यावरच कोरलेली असते. मापात असेल, खोल चरे नसतील, ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत नसेल, तर ती राहू द्या.

पॅडमध्ये मात्र काटकसर नको. नकली घेऊ नका, पुढच्या किंवा मागच्या दोन्ही चाकांचे जोडीनेच बदला. आणि नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा, पहिल्या दाबाला ते थेट खाली जातं.