नुसतं अकाउंट बंद करून भागणार नाही

वर कोणीतरी लिहिलंय की निवडणुकीच्या काळात सोशल मीडियावर खोटं पसरवणाऱ्यांची अकाउंटं सरळ बंद करा, विषय संपला. पण खरी गोची वेळेची आहे हो. स्लोवाकियात २०२३ च्या निवडणुकीत मतदानाच्या जेमतेम दोन दिवस आधी एक बनावट ऑडिओ क्लिप फिरली, मिखाल शिमेचका हा उमेदवार एका पत्रकार बाईंशी निवडणुकीत घोळ कसा घालायचा ते बोलतोय अशी, आणि त्यात प्रचारबंदी चालू, म्हणजे खुलासा करायचा तरी कुठे! नंतर अकाउंट उडवून काय उपयोग, मतं तर पडून गेलेली.

आणि महिला उमेदवारांच्या बाबतीत तर खोट्यापेक्षा घाणच जास्त असते, मॉर्फ केलेले फोटो, घरच्यांना धमक्या, तिथे फॅक्टचेक काय करणार डोंबल? तिथे पोलिसात तक्रारच लागते आणि त्यासाठी लिंक, तारीख, स्क्रीनशॉट आधीच जपून ठेवायला हवेत, पोस्ट डिलीट झाली की पुरावा शोधत बसा.

आपण मात्र काय करतो, "बघा किती खोटं आहे" म्हणत तीच क्लिप चार ग्रुपवर स्वतःच फॉरवर्ड करतो (मग तिकडे ती खरी म्हणून पुढे जाते). खुलासा टाकायचाच तर खरं काय ते आधी लिहा, क्लिप जोडूच नका.