अनुभव: उलट्या बाजूनं काय दिसलं?

जुना माग
दुकानदार चादरीची सुलटी बाजू दाखवतो. आमचे वडील आधी ती उलटी करायचे. घरात तेलुगू, मागावर मराठी, आणि चादरीबद्दल दोन्हीतून शिव्या. अस्सल सोलापुरी चादरीत दोन कापडं एकाच वेळी विणली जातात आणि नक्षीच्या जागी खालचं वर, वरचं खाली होतं. म्हणून वरून लाल जमिनीवर पांढरा मोर असेल, तर खालून पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. मागावर बसवलेल्या जॅकार्ड यंत्राची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं ठरवतात कुठला उभा धागा उचलायचा. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी. माळेत एक कार्ड उलटं शिवलं गेलं, की मोराची मान प्रत्येक चादरीत त्याच जागी तुटणार. मी कुठल्याही घरी गेलो की अजून कोपरा उलटून बघतो. बायको चिडते.

तर विचारायचं होतं: सिनेमा, संगीत नाटक, पुस्तक, हातानं केलेली वस्तू, यातलं काही मागच्या बाजूनं बघितलंय का? आणि त्यानं मत बदललं का?

रीळवाला
मामा टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. शाळा सुटली की मी थेट केबिनमध्ये. हजार फुटांचं रीळ म्हणजे अकरा मिनिटं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर गोल ठिपका चमकला, म्हणजे रीळ संपत आलं, की पुढच्या रिळाचं दुसरं मशीन चालू करायचं. लोक हिरोकडं बघायचे, मी ठिपक्याकडं. मामांचं मत असं, की पिक्चर चांगला असेल तर ठिपका चुकतो, कारण ऑपरेटरच गुंगतो. अशी चूक त्यांच्याकडून दोनदा झाली, दोन्ही पिक्चरची नावं अभिमानानं सांगायचे.

‘सैराट’ 2016 साली मल्टिप्लेक्समध्ये बघितला. ना रीळ, ना ठिपका. करमाळ्याकडची बोली मोठ्या पडद्यावर ऐकून आधी हसू आलं, आपलंच कुणीतरी बोलायलंय असं. शेवटी आवाज पूर्ण बंद होतो, आठवतंय? मला वाटलं मशीन बिघडलं. मान आपोआप मागं केबिनकडं वळली. मग परत पडद्याकडं बघितलं.

पायपेटी
हुतात्मा स्मृती मंदिरात विंगेत बसून संगीत नाटकं ऐकली आहेत. काकू ऑर्गन वाजवायच्या. समोरून तान ऐकू येते, विंगेतून तिच्या आधीचा श्वास. ‘वन्स मोअर’ आला की काकूंचे पाय आधी हलायचे, भात्यात हवा भरायला. नट मागं वळूनही बघत नसे, त्याला सूर तयार मिळणार हे ठाऊक असायचं.

अलीकडे लेकीनं इटालियन ऑपेरा दाखवला, पुच्चिनीचा ‘ला बोहेम’, 1896 चा. आपली ‘शारदा’ 1899 ची, म्हणजे जवळपास जुळ्या बहिणी. पण तिथं साधं बोलणंही गाऊनच, आणि स्वर संगीतकारानं कागदावर बांधून दिलेले. आपल्याकडं गद्य संपवून पद सुरू होतं आणि ते किती फुलवायचं हे गाणारा त्या रात्री ठरवतो. माझं मत आपल्या बाजूचंच, पण एक कबूल करते: आमच्याकडं सासऱ्यांचं निधन झाल्यावरही नायिका पंधरा मिनिटं तान घेत राहायची आणि आम्हीच ‘वन्स मोअर’ म्हणून ओरडायचो. तिकडची नायिका मिमी मरते तेव्हा गाणं थोडक्यात आटोपतं. रडू मला तिकडं जास्त आलं.

(सासरे नाटकातले. माझे ठणठणीत आहेत.)

आतला समास
एका वाचनालयात वर्षभर बाइंडिंगचं काम केलं. नाव नको. कंत्राटदार मणक्याजवळून इतकी घट्ट शिवण घालायचा, की प्रत्येक ओळीचं शेवटचं किंवा पहिलं अक्षर शिवणीत. कवितासंग्रहांचं फार नुकसान झालं नाही, ओळी आखूड. कादंबऱ्या गेल्या. तेव्हापासून पुस्तक घेताना मुखपृष्ठ नंतर, आधी मधोमध उघडून आतला समास बघते. महागडे खंड बऱ्याचदा इथंच नापास होतात.

वाकळ
हे काय बे, सगळ्यालाच उलटी बाजू असते व्हय? आमच्या आजीची वाकळ दोन्हीकडून सारखीच. जुन्या नऊवारीचे थर, सगळीकडं धावदोरा. ती कन्नड बोलायची, टाके मात्र मनात मोजायची, कुठल्या भाषेत कुणास ठाऊक. फक्त एका ठिकाणी आतून गाठ हाताला लागते. तिथं आजोबांच्या धोतराचा तुकडा आहे, वरून दिसत नाही. मी अजून उसवून बघितलेलं नाही.

जुना माग
वाकळ, नका उसवू.
आणि कुणाकडं जॅकार्डची जुनी कार्डं पडून असतील तर रद्दीत घालू नका, कळवा. मोराची आहेत का तेवढं सांगा.